पंचवीस टक्के जास्त, वीस टक्के कमी

माझी धाकटी जाऊ वाईट नाही, हीच तर खरी अडचण आहे. वाईट असती तर चार बायकांत बसून तिची उणीदुणी काढली असती आणि पोट हलकं झालं असतं. पण ती माझ्या आधी उठून पाणी भरून ठेवते, माझ्या नवऱ्याच्या गोळ्या संपायच्या आत आणून देते, आणि आजवर मला एक शब्द उलटून बोललेली नाही. अशा माणसावर जळायचं म्हणजे सगळं मनातल्या मनात करावं लागतं. चार वर्षं करतेय मी.

ती पदवीवाली. विम्याच्या ऑफिसात दावे तपासते. कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, कुणाला किती द्यायचं. तिचं टेबल खिडकीजवळ आहे आणि खुर्ची फिरते. मी बारावी. दातांच्या लॅबमध्ये मला अठरा वर्षं झाली. डॉक्टरांकडून पेशंटच्या दातांचे साचे येतात, त्यांवरून आम्ही कवळ्या आणि कॅप बनवतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घराचं अर्धं पोट मी दात कोरूनच भरलंय. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्या भुवयांवर प्लास्टरची पूड असते. ही येते ती सकाळी गेली तशीच, केसाची बटसुद्धा जागची हललेली नसते.

पगार तिचा तीस हजार, माझा चोवीस. ती नोकरीला लागली तीच चोवीसवर. म्हणजे अठरा वर्षं घासून मी जिथे पोचले, तिथून या बाईसाहेब निघाल्या. मी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं, लपवलंसुद्धा नाही मेलीने.

तरी पगाराचं मी एक वेळ गिळलं असतं. माझ्या लेकीचं मात्र गिळवेना. गणित अडलं की काकू, केस किती कापू विचारायला काकू, मैत्रिणीशी भांडण झालं तरी काकू. नऊ महिने वागवली मी, आणि गुजगोष्टी हिच्याशी. बारावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा पोरीने पहिला फोन हिला केला. मला संध्याकाळी कळलं, भुवया पुसताना.

लेकीला पदवीला जायचं होतं. लॅबच्या मालकाने निरोप दिला होता, एक जागा आहे, पोरीला पाठव, शनिवारपर्यंत सांग, पगाराचं आल्यावर बोलू. कॉलेजचा फॉर्म भरायची शेवटची तारीखही शनिवारच. घरात मी म्हणत होते, आजच पगार सुरू होत असेल तर तीन वर्षं कशाला घालवायची. खरं कारण वेगळं होतं. मला ती माझ्या टेबलाशेजारी हवी होती. मला ती माझ्यासारखी व्हायला हवी होती, काकूसारखी नाही.

गुरुवारी चहाच्या वेळी धाकटीने एक जुनं पाकीट उलटं केलं आणि पेन काढलं.

"ताई, रागावू नका. मी फक्त आकडे मांडते. तुमचे चोवीस, माझे तीस. फरक सहाचा. सहा भागिले चोवीस, म्हणजे पदवीमुळे पंचवीस टक्के जास्त."

लेक मान डोलावत होती. तिची ती मान बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि उलटं पाहिलं," धाकटी म्हणाली, "तर पदवी नसली की पंचवीस टक्के कमी."

तिथे मी तिला पकडलं.

झालंय असं, की हे टक्के मी पुस्तकात शिकले नाही, भट्टीसमोर शिकलेय. आमच्याकडे पांढऱ्या खडूसारख्या ठोकळ्यातून मशीन कॅप कापतं. ती भट्टीत भाजली की वीस टक्के आक्रसते. म्हणून मशीनला आधीच सव्वापट मोठी कापायला सांगायचं. पंचवीस टक्के वर, मग वीस टक्के खाली, की माप नेमकं. मशीन नवीन आलं तेव्हा मी एकदा शहाणपणा केला. वीस कमी होणार तर वीसच वाढवू, म्हटलं. शंभराचे झाले एकशेवीस, आणि भट्टीने वीस टक्के खाल्ले ते शंभराचे नाही, एकशेवीसाचे. उरले शहाण्णव. समोरच्या सहा दातांच्या सहा कॅप, एकही चढेना. मालकाने सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. तेव्हापासून कुणीही टक्के म्हटलं की मी आधी विचारते, कशाचे?

"कशाचे पंचवीस?" मी म्हटलं. "खाली यायचं तर तुझ्या तिसावरून यायचं. तिसातले सहा म्हणजे वीस टक्के. मी तुझ्याहून वीस टक्के कमी आहे बाई, पंचवीस नाही."

तिने भागाकार केला. कान लाल झाले तिचे. "बरोबर आहे, ताई. माझं चुकलं."

इथे थांबायला हवं होतं मी. पण जिभेला हाड नसतं, आणि माझ्या जिभेने चार वर्षं उपास काढला होता.

"बघितलंस?" मी लेकीला म्हटलं. "पदवी घेऊनही टक्के येत नाहीत काकूला. आणि तिच्या नादाने तू तीन वर्षं वाया घालवणार."

तिचे दात तिच्याच घशात घातले मी. धाकटीने पाकिटाची घडी केली आणि कप विसळायला घेतले, माझासुद्धा. लेकीने टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "ठीक आहे, आई. येते मी लॅबमध्ये."

मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

शनिवारी सकाळी लॅबमध्ये लेकीला माझा जादाचा एप्रन घातला. लांब होत होता, मी कमरेशी दुमडून दिला. सगळ्या बायका कौतुकाने बघून गेल्या. मालकाने नेमणुकीचा कागद आणून तिच्यापुढे ठेवला. माणूस कडक असला तरी मनाने बरा आहे.

"बारा हजार," तो म्हणाला. "पुढे दरवर्षी चार टक्के, सगळ्यांना सारखे." मग माझ्याकडे बघून हसला. "तू लागलीस तेव्हा तुलाही बाराच दिले होते, आठवतं? तुझी पोर म्हणून एक पैसा कमी केला नाही."

उपकारच करत होता बिचारा, त्याच्या मते.

लेकीने पेन उचललं. माझ्या डोक्यात मात्र सवयीने सुरू झालं, कशाचे? माझे बाराचे चोवीस झाले, शंभर टक्के वाढ, केवढी मिरवायचे मी ती. अठरा वर्षं लागली त्याला. आणि बारावीच्या नव्या पोरीचे तेव्हा बारा, आज बारा. फरक शून्य. शून्य भागिले बारा, किती वेळा करणार? या अठरा वर्षांत भाडं तिप्पट झालं, बसचं तिकीट चौपट. या कागदावर सही केली की ही माझ्या वयाला पोचेल तेव्हा चोवीसवर असेल, भुवया पुसत असेल, आणि कुणावर तरी जळत असेल.

मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"ती नाही येणार."

"अगं, काल तर हो म्हणालीस."

"माप चुकलं माझं," मी म्हटलं.

मालक तोंड वाकडं करून निघून गेला. घड्याळात अकरा वाजले होते, फॉर्म एकपर्यंत घेणार होते, आणि कॉलेजची कुठली खिडकी, कुठले कागद, मला काडीचं ठाऊक नव्हतं. हे ज्या एकाच माणसाला ठाऊक होतं तिला फोन लावणं माझ्या जिवावर आलं. लावला.

तिने मला बोलूसुद्धा दिलं नाही. "ताई, फॉर्म भरलेला आहे, माझ्या पर्समध्येच आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकते. पण तुम्हीही या. पालकाची सही तुमचीच लागेल, माझी नाही चालणार."

गेले तशीच, प्लास्टरच्या हातांनी. पालकाच्या कामाच्या रकान्यात मी सगळीकडे 'नोकरी' लिहिते. धाकटीने तिच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'दंत तंत्रज्ञ'. इतकं चांगलं असू नये माणसाने. मी सही केली, कागदावर पांढरा अंगठा उमटला, खिडकीतल्या माणसाने तो फुंकला आणि शिक्का मारला.

"गुरुवारी मी जास्तच बोलले," मी तिला म्हटलं.

"चूक तर माझीच होती ना," ती म्हणाली.

आम्ही तिघी बसस्टॉपवर चालत निघालो, लेक मध्ये, एप्रन अजून तिच्या अंगातच. मी मोजत होते. स्टॉप येईपर्यंत ती आठदा काकूकडे वळून बोलली, दोनदा माझ्याकडे. टक्के मी काढले नाहीत.