ध्रुवाशेजारचा नारिंगी तारा

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा, बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना लागणाऱ्या एका लहानशा स्टेशनावर जैनुद्दीन सांधेवाला होता. रूळ बदलायचे नि गाडीला दिवा दाखवायचा, हे काम त्याने बावीस वर्षं केलं. दर तीन वर्षांनी डोळ्यांची तपासणी होई. तीत पास झाला तरच नोकरी.

तपासणी जवळ आली की जैनुद्दीन अंगणात खाट टाकून आधी स्वतःलाच तपासून घेई. ध्रुवापासून वीतभर अंतरावर एक अगदी मंद तारा होता. चांदणं असलं की तो मुळीच दिसत नसे. अमावास्येच्या सुमारास भल्याभल्यांना दिसे तो नुसता फिकट ठिपका. त्याचा नारिंगी रंग एकट्या जैनुद्दीनला दिसे आणि याचा त्याला बढती मिळाल्यासारखा अभिमान होता.

"दिसला," यंदा तो बायकोला म्हणाला. "साफ नारिंगी."

हलीमाबीने दारातून वर पाहिलं. "कुठं पाहून राहिले तुमी? आभाळ तं सारं भरलं हाय."

"कवापासून?"

"दिवेलागणीपासून. एक चांदणी नाई."

तारा त्याला अजूनही दिसत होता. जैनुद्दीन घाबरला. मग घाबरल्याचा त्याला रागही आला.

तपासणीला डॉक्टरांनी भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता टांगला. जैनुद्दीनला इंग्रजी येत नव्हतं, पण तक्ता बावीस वर्षं तोच होता. नवा माणूस कामाला लागला की जुने लोक त्याला आधी तक्ता पाठ करायला लावत. जैनुद्दीनने सगळ्या ओळी घडाघडा म्हटल्या. डॉक्टरांनी लेखणी उचलली.

"साहेब, मले पाठ हाय तो."

"सगळ्यांनाच असतो. पुढचा कोण?"

"मले दिसून नाई राहिला, साहेब."

डॉक्टर वैतागले, कारण नापासाचा कागद वेगळा होता आणि तो शोधावा लागला.

त्या संध्याकाळी लांबच्या सांध्यावर भगवंत नावाचा नवा माणूस उभा होता. जैनुद्दीन फलाटाच्या टोकाशी थांबला. पॅसेंजर धडधडत आली नि सुखरूप निघून गेली. भगवंत घाम पुसत परतला.

"चाचा, दिवा बराबर धरला ना मी?"

"बराबर," जैनुद्दीन म्हणाला.

त्याला दिवा दिसलाच नव्हता.