आमच्या काडीची हाडं

आमच्या एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर गेली अकरा वर्षं मी बसते. बसते म्हणजे अक्षरशः बसते. खुर्चीच्या गादीला माझा आकार आला आहे. त्यामुळे व्यायामावर बोलायचा मला काडीइतकाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. पण बोलायला अधिकार लागतो, असं मला कधी वाटलेलं नाही.

काडी म्हणजे आमच्याकडे एक्स-रे काढणारी मुलगी. वय सव्वीस. हे नाव तिला सफाईच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात ठेवलं. कारण पेशंटला टेबलावर जरा सरकवायचं असलं, की आतून हाक यायची, "मावशी, हात द्या ना!" मावशी बादली खाली ठेवून आत जायच्या, पेशंटला अलगद उचलून नीट निजवायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "पंखा जोरात लावू नका, आपलं माणूस उडून जायचं." मावशींचं वय अठ्ठावन्न. तीन मजले, दोन बादल्या आणि लिफ्टवर त्यांचा मुळीच विश्वास नाही.

काडीचा डबा ही आमची दुपारची करमणूक होती. मी एकदा तो उघडून पाहिला. लोकांचे डबे उघडणं वाईट, पण मला ते जमतं. आत काकडीचे सहा काप आणि अर्धं सफरचंद.

"हे खायचंय की डोळ्यांवर ठेवायचंय?" मी विचारलं.

"ताई, पोट भरतं माझं," ती म्हणाली. कॉलेजपासून ती अशीच खात होती. आता लिहिताना लाज वाटते, पण डब्याला नावं ठेवणाऱ्या त्याच तोंडाने मी तिला रोज म्हणायची, "काय बांधा आहे गं तुझा! थोडा मला दे की."

मग आमच्याकडे हाडांची घनता मोजायचं नवीन यंत्र आलं. ते बसवायला आलेला इंजिनियर घाईत होता. जोडाजोड झाल्यावर तो म्हणाला, "एखादी निरोगी तरुण बाई मिळेल का? नमुन्यासाठी." आम्ही सगळ्यांनी एकदमच काडीकडे बोट दाखवलं. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, आणि त्याचं मला थोडं वाईट वाटलं.

काडी ऐटीत टेबलावर झोपली. यंत्राचा हात तिच्या कमरेवरून संथपणे फिरला. इंजिनियरने पडद्याकडे पाहिलं, मग काडीकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"प्रवासात मशीन हललेलं दिसतंय," तो म्हणाला.

यंत्र खरं बोलतंय की नाही हे तपासायला त्याच्याकडे मणक्याच्या आकाराचा एक ठोकळा होता. त्याने ठोकळा निजवला. यंत्र ठोकळ्याबद्दल बिनचूक बोललं. पुन्हा काडीला निजवलं, तर पुन्हा तेच. "आणखी कुणी आहे का?" त्याने विचारलं. मी लगबगीने फोन उचलला. तो वाजत नव्हता. सापडल्या त्या मावशी. त्यांना जवळजवळ ओढूनच टेबलावर चढवलं.

हे यंत्र प्रत्येकीला तिच्या वयाच्या बायकांशी ताडून पाहतं. मावशी त्यांच्या वयाच्या बायकांच्या कितीतरी पुढे निघाल्या, आणि काडी तिच्या वयाच्या मुलींच्या फार मागे. इंजिनियरचा चेहरा एकदम उजळला. "कळलं! मघाशी गडबडीत दोघींची चित्रं एकमेकींच्या नावावर पडली!" त्याने दोन्ही कागदांवरची नावं आणि वयं पेनने अदलून-बदलून दिली आणि सुटकेचा श्वास सोडून तो निघून गेला. आम्हालाही ते पटलं. मावशी टेबलावर चढायच्या आधीच काडीचा आकडा दोनदा तोच आला होता, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दुपारी काडीने मावशींना समोर उभं करून समजावलं, की तुमची हाडं ठिसूळ झाली आहेत, दूध घ्या, जपून चाला. मावशी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन मुकाट ऐकत होत्या.

संध्याकाळी सेंटरच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद पाहिले आणि चष्मा वर केला. "काडी, तू कमरेला सेफ्टी पिना लावतेस?"

"नाही मॅडम."

"मग जिची हाडं चांगली आहेत, तिच्या कमरेला दोन पिना कशा दिसताहेत?"

मावशींचा हात आपोआप कमरेकडे गेला. पिना तिथेच होत्या. मशीन हललेलं नव्हतं आणि चित्रंही बदललेली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणीही हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी काडीला समोर बसवलं. काय खातेस, कधीपासून, पाळी नीट येते का, सगळं विचारलं. "चार-चार महिने येत नाही," काडी म्हणाली. "मला वाटलं, कटकट गेली, बरंच झालं."

"काही बरं झालेलं नाही. तुझं शरीर उपाशी आहे. हाड साधारण तिशीपर्यंत भरतं. मग जेवढं भरलं असेल तेवढ्यावर पुढचं आयुष्य काढायचं. तुझ्याकडे तीन-चार वर्षं आहेत. पोटभर जेव, पाळीसाठी बायकांच्या डॉक्टरांना दाखव, आणि वजन उचलायला लाग. शिकवणारीकडे जाऊन, हळूहळू वाढवत."

"मी रोज चालते ना."

"चाल की. पण हाडाला भार लागतो. ओझं पडलं की ते भरतं."

सगळे गेल्यावर काडी माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली. "ताई, मी दिवसभर लोकांची हाडं बघते," ती म्हणाली. दिव्याखाली अंधार, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण एकदाची गप्प बसले. "आईची पाठ चोपन्नाव्या वर्षी वाकलीय. मला तिच्याआधी वाकायचं नाहीये."

दुसऱ्या आठवड्यापासून ती सकाळी जिममध्ये जाऊ लागली. तिथल्या बाईंनी पहिला महिना तिच्या हातात नुसती काठी दिली. काडीला धीर कुठला! एक दिवस मी सामानाच्या खोलीत गेले, तर ही किरणांपासून वाचायला घालतो तो शिशाचा जड एप्रन अंगावर चढवून उठाबशा काढत होती.

"कुणी शिक्षा केली गं?"

"कुणी नाही. सराव करतेय."

एप्रनला चिरा पडतील म्हणून डॉक्टरीणबाई ओरडल्या. मग पेशंटचा पाय हलू नये म्हणून लावायच्या वाळूच्या पिशव्या तिच्या हातात दिसू लागल्या. मावशींची बादलीही ती पळवायची. त्यावरून रोज भांडण. "ठेव खाली! ही बादली आहे म्हणून मी आहे," मावशी म्हणायच्या. आता त्यांना पुरावाही मिळाला होता, मग काय विचारता.

दुपारी डबा खाताना तिच्या आईचा फोन यायचा. आई लांबच्या गावी, आवाज मात्र आमच्या तिन्ही मजल्यांवर. "जड उचलू नकोस गं! बाईमाणसानं जड उचलू नये." काडी "हो आई" म्हणायची आणि दुसऱ्या हाताने पिशवी वर-खाली करत राहायची.

तिसऱ्या महिन्यात ती मला कपडे बदलायच्या खोलीत रडताना सापडली. वजन चार किलो वाढलं होतं, कुर्ता दंडात अडकला होता. "मी सोडून देते ताई. कशी दिसतेय मी!" आधी किती छान दिसायचीस, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं. तेवढ्यात माझ्या मागून आत आलेल्या मावशी म्हणाल्या, "शिवण उसवता येते पोरी. माझ्याकडे आण, मी उसवून देते." मी जीभ चावली. ती रोज चावायला हवी होती, वर्षानुवर्षं. त्या दिवसापासून मी माझा डबा तिच्याशेजारी उघडू लागले. तिने दोन घास जास्त खावेत म्हणून मी चार खायची. तेवढा त्याग मला जमतो.

दीड वर्ष झालं. पाळी केव्हाच मार्गी लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चल, आता बघू." नेमकी त्याच आठवड्यात आई लेकीकडे राहायला आली होती. पोरीने एवढं काय चालवलंय ते बघायला तीही सेंटरवर आली.

काडी टेबलावर झोपली. या वेळी ऐट नव्हती, ओठ घट्ट मिटलेले. शून्य म्हणजे वयाला साजेसं हाड; काडीचा मागचा आकडा वजा दोन पूर्णांक तीन होता. आता आला वजा एक पूर्णांक नऊ. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच?

"एवढंच नाही," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "उताराला लागलेली गाडी वर चढलीय. अजून दीड-दोन वर्षं आहेत तिच्याकडे." मग आईकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही झोपा."

आईचं चित्र निघालं. आकड्याबद्दल बोलत नाही. लेकीचा त्यापेक्षा बरा होता. आईला टेबलावरून उठता येईना, पाठीत उसण भरली. मावशी सवयीने पुढे झाल्या.

"मावशी, राहू द्या," काडी म्हणाली. तिने एक हात आईच्या खांद्यांमागे घातला, एक गुडघ्यांखाली.

"अगं, उचलू नकोस! मी जड आहे," आई ओरडली.

तोवर आई जमिनीवर उभीसुद्धा होती. तिने लेकीचा दंड धरून ठेवला होता. तो तिने एकदा दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला आणि मग लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशी भिंतीकडे तोंड करून स्वच्छ फरशी पुसायला लागल्या.

"मला जमेल का गं?" आईने हळूच विचारलं.

काडीने कपाटातून सगळ्यात लहान, एक किलोची वाळूची पिशवी काढली आणि आईच्या हातात दिली.

"जड आहे गं," आई म्हणाली. पण तिने ती खाली ठेवली नाही.