सगुणाताईंचे उंबरे

सत्कार म्हटला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. शाल, नारळ, हारात मान अडकलेला माणूस आणि माईक सोडायला तयार नसलेला अध्यक्ष. सगुणाताईंचा सत्कार करायला अशी मंडळी अधूनमधून येतात. ताई मागच्या बाजूने कुठेतरी पसार होतात आणि पाहुण्यांसमोर दात काढत बसायचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी ताईंच्या ट्रस्टचा सेक्रेटरी, पण धंद्याने वायरमन. भाषण मला जमत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिता येतं, म्हणून लिहितो.

सगुणाताई एस.टी.त कंडक्टर होत्या. रत्नागिरी डेपोत बाया कंडक्टर म्हणून लागायला लागल्या, त्या पहिल्या खेपेतल्या. नवरा मुंबईत कामाला होता आणि तिथेच वारला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी कंडक्टरणीला घरात फारशी जागा दिली नाही, म्हणून शहरात भाड्याच्या खोलीत राहायच्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र असा की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस आपलं तिकीट आपणहून काढून दाखवायचा. त्यांच्या गाडीत कोणी म्हाताऱ्याला उठवून खिडकी बळकावली, तर त्या माणसाची पुढचे सगळे थांबे खरडपट्टी निघायची.

वस्तीची गाडी त्यांच्याकडे फार वेळा असायची. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी परत निघायचं. अशाच एका गाडीत एकदा सोनूबाई नावाची म्हातारी बसून राहिली. गाव आलं, सगळे उतरले, दिवेलागणीची वेळ झाली. ही आपली बोचकं मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसलेली.

"आजी, उतरा. गाव आलं," ताई म्हणाल्या.

"गाव आला गो," म्हातारी म्हणाली. "पन घर कुटं हाय?"

हकीकत अशी होती की पुतण्याने घराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि तो मुंबईला गेला. म्हातारीला म्हणाला, बहिणीकडे राहा. बहीण केव्हाच गेलेली, तिच्या सुनेने पुढच्या गाडीत बसवून परत पाठवली. पुतण्या काही राक्षस नव्हता. फोनवर गोड बोलायचा. पण घर त्याच्या नावावर होतं, आणि म्हातारी कोणाच्याच नावावर नव्हती.

ताईंनी तिला आपल्या खोलीवर आणली. चार दिवसांसाठी म्हणून आणलेली सोनूबाई नंतर गेलीच नाही.

शहराबाहेर, आमच्या गावच्या कातळावर ताईंनी एक तुकडा जमीन घेऊन ठेवली होती. निवृत्त झाल्यावर स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधायचं, मागे अबोली लावायची, असा बेत होता. निवृत्त झाल्या आणि घराऐवजी जांभ्याची एकच खोली बांधून घेतली. तिला बाहेर स्वतंत्र दार, आत ओटा, शेगडी, मोरी. ती सोनूबाईला दिली आणि स्वतः भाड्याच्याच खोलीत राहिल्या. मी तिथे वायरिंग करायला गेलो होतो. विचारलं, "ताई, तुमचं घर कधी?" म्हणाल्या, "होईल. आधी हिची लाईट चालू कर."

एकदा दार उघडलं की माणसं चढणारच, हे कंडक्टरला काय सांगायचं! बातमी पसरली. मिरकरवाडा बंदरात जाळी विणण्यात डोळे घालवलेली एक बाई आली. मागोमाग भिवा आला. हा गवंडी. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभारल्या आणि म्हातारपणी पाठ टेकायला भिंत नाही, अशी गत. त्याने आल्या आल्या चिऱ्यांची ओळ नजरेने तपासली, कंत्राटदाराला शिव्या घातल्या आणि पुढच्या खोल्या त्याच्या देखरेखीखाली झाल्या. ट्रस्ट नोंदवला. खोल्या वाढत गेल्या. ताईंची स्वतःची खोली ओळीत अगदी शेवटची, सगळ्यांच्या मापाची. अबोली मात्र लावली.

मुंबईहून एक मोठे दाते आले होते, ते मला आठवतात. त्यांचा नकाशा तयार होता. लांबलचक हॉल, ओळीने खाटा, एक मोठं स्वयंपाकघर, आचारी. खर्च कमी, देखरेख सोपी. बोलणं शहाणपणाचं होतं, खोटं कशाला बोलू? ताईंनी नकाशा नीट बघितला आणि घडी घालून परत दिला.

"हे चांगलं आहे. पण मला घरं बांधायचीत."

"अहो, या वयात कुठे स्वयंपाक करणार ते?"

"नाही जमला तर शेजारीण देईल की भाकरी. पण शेगडी ज्याची त्याची. आमटी आंबट किती करायची ते मी कोण ठरवणार?"

दाते तणतणत गेले. मीसुद्धा कपाळावर हात मारला. पण ताईंनी माझ्याकडून प्रत्येक खोलीला वेगळा मीटर बसवून घेतला. प्रत्येक दाराला उंबरा हवाच म्हणून हट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, म्हातारी माणसं अडखळून पडतील. तर भिवाने काळ्या दगडाची पट्टी जमिनीच्या पातळीत अशी बसवली की पाय अडखळत नाही, पण आपण कोणाच्या तरी घरात शिरतोय हे पायाला कळतं. त्या पट्टीवर रोज सकाळी बायका रांगोळी काढतात. दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची तेही ज्याचं त्याने ठरवायचं. बऱ्याच जणांनी ती ताईंकडे दिलेली नाही, शेजाऱ्याकडे दिली आहे. ताईंना याचा केवढा अभिमान!

आता सोनूबाईची गोष्ट.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. मुंबईकर चाकरमानी रजा टाकून त्यासाठी गावी येतात, वर्षभर बंद असलेली घरं उघडतात, सारवतात. पालखी दाराशी टेकते, घरची बाई ओटी भरते, मानकरी त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीलाच 'म्हाराजा' म्हणून साकडं घालतो, आणि देवी पुढच्या दाराला जाते. ज्याच्या दारी पालखी थांबते त्याचं घर गावात मोजलं जातं. आमच्या कातळावर ती कधी आलीच नव्हती, कारण तिथे पूर्वी वस्तीच नव्हती.

एका वर्षी गणपतीनंतर सोनूबाईची तब्येत ढासळली. डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, फार लांबचं धरू नका. म्हातारीला ते न सांगताच कळलं. तिने औषध मागितलं नाही, पुतण्यालाही बोलावलं नाही. एका सकाळी ताईंचा हात धरून म्हणाली, "पालकी आदी बापाच्या घरात यायची. मंग घोवाच्या. मंग पुतन्याच्या. मी आपली वटी भरायची. माज्या दारात ती कदी आली नाय गो. एकदा आन."

ताईंनी देवळातल्या बैठकीला जायचं ठरवलं. मी बरोबर होतो. मुख्य मानकरी गंगाराम, भल्या मनाचा पण रीतीला पक्का माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आश्रमाच्या गेटात पालखी टेकवू ना. एक नारळ, एक गाऱ्हाणं. सगळ्या म्हाताऱ्यांनी तिथंच दर्शन घ्यायचं."

"आश्रम नाही तो," ताई म्हणाल्या. "घरं आहेत. दारोदार यायला हवी."

"ताय, संस्था एक, तर घर एक. अशी प्रत्येक खोलीत पालखी फिरवायची तर गावातली घरं कधी पुरी करू?"

चार माणसांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. ताईंनी एकदम साध्या आवाजात विचारलं, "इथले केरूदादा आणि त्यांचा भाऊ एकाच छपराखाली राहतात. त्यांच्याकडे पालखी दोनदा का टेकते?"

"त्यांची चूल वेगळी हाय," गंगाराम म्हणाला.

"मग आमच्या चुली मोजायला या."

बैठकीत कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, गॅसच्या शेगडीला चूल म्हणायचं काय? त्यावर गंगारामनेच त्याला गप्प केलं, कारण त्याच्या स्वतःच्या घरी गॅसच होता. शब्द त्याच्याच तोंडून गेला होता. आमच्या गावात चुलीवरून घर मोजतात, ही रीत त्याला मोडता येईना. येतो म्हणाला.

तो आला सकाळी, चहाच्या वेळेला. तिथेच फसला. पहिल्या दारात सोनूबाईच्या शेगडीवरचा कप जाळीवाल्या बाईने पुढे केला. तो प्यायला. दुसऱ्या दारात दुसरा कप. एका घरचा चहा घेतला आणि शेजारच्या घरचा नाही म्हटलं, तर तो त्या घराचा अपमान. आणि घर म्हणून मोजायलाच तर तो आला होता! कुणाचा चहा आल्याचा, कुणाचा नुसता गुळाचा, कुणाचा इतका पांचट की कपाचा तळ दिसावा. प्रत्येक ठिकाणी वेगळी शेगडी, वेगळा डबा, वेगळी चव. मी मागे मागे हसू दाबत चाललो होतो.

भिवाच्या दाराशी गंगाराम किंचित थबकला. भिवा बौद्ध. त्याच्या घरी पालखीचा प्रश्न नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. भिवाने कप भरून हातात दिला आणि म्हणाला, "माज्या दारात पालखी नको. माजी चूल तेवडी मोजा." गंगारामने मान डोलावली आणि तिथे उभ्याने नाही, आत बसून चहा संपवला.

शेवटच्या दाराशी, म्हणजे ताईंच्या, तो हात जोडून उभा राहिला. "ताय, पुरे. मोजल्या. आता पोटात जागा नाय." मग हसू आवरून म्हणाला, "येते पालखी. दारोदार."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली. ओरडून जिंकणारी, पाया पडून जिंकणारी. समोरच्याला त्याच्याच रीतीने, त्याचा मान राखून आपल्या बाजूला आणणारी बाई मी ही एकच पाहिली. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं.

पालखी आली त्या दिवशी कातळ तापलेला होता. ढोल लांबूनच ऐकू आले. सगळ्या दारांसमोर सडे, उंबऱ्यांवर रांगोळ्या. भिवाने आपल्या दारात कोकम सरबताचं भांडं भरून ठेवलं होतं, खांदेकऱ्यांसाठी. ते घामाघूम होऊन एकेक करून पीत होते आणि तो पुन्हा पुन्हा पेले भरत होता.

सोनूबाईला उठू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. ती चौकट धरून उभी होती. हिरवं लुगडं, कपाळाला काही नाही, हातात ओटीचं ताट. ताट कोणाला धरू देईना. पालखी तिच्या दाराशी टेकली. ढोल थांबले. तिने ओटी भरली. गंगाराम गाऱ्हाण्याला उभा राहिला आणि रीतीप्रमाणे हळूच विचारलं, "घर कुनाच्या नावानं सांगू?"

आमच्याकडे नाव घरच्या पुरुषाचं घेतात. म्हातारी गोंधळली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. पुतण्याचं घ्यायचं काही कारण नव्हतं. तिने ताईंकडे बघितलं. सगळ्या गावाने ताईंकडे बघितलं. जमीन त्यांची, ट्रस्ट त्यांचा. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी गाऱ्हाणं त्यांच्या नावाने झालं असतं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं.

सगुणाताई ओठ घट्ट मिटून पालखीकडे बघत उभ्या राहिल्या.

"सोनूबायचा," म्हातारी म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "माजा घर. सोनूबायचा."

बाईच्या नावाने गाऱ्हाणं गंगारामने कधी घातलं नसावं. मग त्याने डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"बा म्हाराजा! आज ह्या सोनूबायच्या घरात तुजी पालखी आली हाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"तिनं तुजी वटी भरलीन, ती गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सोनूबायच्या चुलीची, उंबऱ्याची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी रडलो. सरळ सांगतो, रडलो. माझ्या शेजारी डेपोतले दोन निवृत्त ड्रायव्हर होते, तेही डोळे पुसत होते.

पालखी उठली, पुढच्या दाराला गेली. ढोल सुरू झाले. सगुणाताई अजून दाराबाहेरच उभ्या होत्या. म्हातारीला धरावं की नाही, असे त्यांचे हात अर्धे पुढे आलेले. सोनूबाईने रिकामं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"बाहेर काय उबी ऱ्हायलीस, परक्यासारकी?" ती म्हणाली. "ये, बस. माज्या घरात बस."

आणि सगुणाताई चप्पल बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन, पाहुण्या आल्यासारख्या आत गेल्या.