टमाट्याच्या पानांनी केलेली चुगली

२०२२ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही निपाणीत. पण तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं पानं पारखली, त्यामुळे पान या विषयावर मला कोणी शिकवू नये. बेंगळूरला हेब्बाळात मुलाकडे राहायला आलो तशी गच्चीवर बारा कुंड्यांत टमाटे लावले.

गच्चीवर जाण्याचं आणखी एक कारण होतं, तेही लिहून टाकतो. डॉक्टरनं माझ्या तोंडात डोकावून पाहिलं, तेव्हा तंबाखू सोडीन असा बायकोला शब्द दिला होता. घरात तो शब्द पाळत होतो. वर मात्र टाकीमागे डबी होती. रोज सकाळी चिमूटभर मळायची, दाढेत धरायची आणि त्याच हातांनी झाडांचे बगलेतले फुटवे खुडायचे.

एक दिवस पानांवर फिकट-गर्द हिरवे चट्टे दिसले. मग पानं आखडली, शेंडे दोऱ्यासारखे बारीक झाले. मी निदान केलं, मावा पडलाय. उपाय, तंबाखूचा काढा. वखारीतली माणसं परसातल्या वांग्यांवर हाच मारायची. चट्टे वाढले. काढा दाट केला. आणखी वाढले. बायकोनं वास कसला म्हणून विचारलं की म्हणायचं, "औषध आहे झाडांचं." इतकी सोयीची कीड मी आयुष्यात पाहिली नव्हती.

कोपऱ्यातल्या दोन कुंड्या बायकोच्या. तिथं मला हात लावू द्यायची नाही. त्या हिरव्यागार.

"तिकडं ऊन बरं येतंय," मी म्हणालो.

"ऊन काय माझ्या माहेरचं आहे?" म्हणाली, आणि चार पानं पिशवीत घालून मला बसनं देवनहळ्ळीकडच्या एका रोपवाटिकेत घेऊन गेली.

तिथल्या बाईनं पान उजेडात धरलं आणि कन्नडात विचारलं, "अज्जा, तंबाखू खाता?"

"पानाचं विचारायला आलोय, माझं नाही."

"पानाचंच बोलते. हा विषाणू तंबाखूतनं हाताला लागतो, हातातनं झाडाला. याला औषध नाही. झाडं उपटा, हात साबणानं धुवा."

"सोडली मी. दोन वर्षं झाली."

"झाडं तसं म्हणत नाहीत, अज्जा."

बायकोला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं, हे मला तेव्हा आठवलं.

परतताना हेब्बाळचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, "दोन वर्षं शेजारच्या अक्काला सांगतेय मी, आमच्या ह्यांनी एका शब्दावर सोडली म्हणून."

चुकलं, हा शब्द माझ्या तोंडून सहजी निघत नाही. मी म्हणालो, "काढा जरा दाट झाला."

ती हसली नाही. "माझ्या दोन झाडांना पाणी घालायचं असलं तर आधी हात दाखवायचे. रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा झाडं मुळासकट उपटून पोत्यात भरली, टाकीमागची डबीही त्यातच टाकली आणि पोतं कचऱ्याच्या गाडीवर दिलं. मग कोपरापर्यंत दोनदा साबण लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. तिनं आधी डावा हुंगला, मग उजवा, मग तोंड उघडायला लावलं, आणि मग झारी माझ्या हातात दिली.