काउंटरवरची लाल ओळ

चूक माझी होती. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी नोंदणीचं सॉफ्टवेअर लिहिलं. डेटाबेसने एखादी नोंद नाकारली, की कारण काहीही असो, माझा कोड ते गिळून पडद्यावर एकच लाल ओळ दाखवायचा: 'माहिती चुकीची भरली आहे.' मूळ कारण मी कुठेच साठवत नव्हतो. हेच नीटनेटकं काम, असं मला वाटायचं.

काउंटरवर विक्रोळीच्या एक बाई बसायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "सर, एका घरातली दोघं आली ना, की दुसऱ्याची नोंद अडतेय."

"नीट बघून भरा."

त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी लॅबमध्येच होतो. सगळ्या स्टाफसमोर म्हणालो, "बाई, वाचता येतं ना? मराठीतच लिहिलंय." सगळे हसले, लॅबचे मालक जरा जास्तच. नंतर बाईंनी मला काही विचारलं नाही.

त्यांनी स्वतःच वाट काढली. मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा बदलला की नोंद होते, हे त्यांच्या लक्षात आलं. समोर उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्यांची रांग असायची. त्या आकडा बदलायच्या आणि असे रिपोर्ट आठवणीने हातात द्यायच्या. पण सॉफ्टवेअर ते मोबाइलवरही पाठवत होतं. एका मुलीच्या गरोदरपणाचा रिपोर्ट भलत्याच माणसाकडे गेला.

मालकांनी मला बोलावलं. बाई समोरच उभ्या होत्या. "सॉफ्टवेअरमध्ये काही घोळ?"

"अजिबात नाही. नंबर यांनीच खोटा टाकलाय."

बाईंना त्याच दुपारी काढलं. पर्स उचलताना त्या मला म्हणाल्या, "सर, एकदा तरी बघायचं होतंत."

महिन्याभराने दुसऱ्या लॅबसाठी तोच कोड वापरताना मी ती लाल ओळ काढली. डेटाबेस स्वच्छ सांगत होता: हा मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे. एक नंबर, एक रुग्ण, हा नियम माझाच. माझी आई आजही सगळीकडे माझा नंबर देते, तरी मला ते सुचलं नव्हतं. मी दोन्हीकडचा नियम गुपचूप काढला आणि वर्षभर गप्प राहिलो.

शेवटी कांजूरमार्गला गेलो. तिथल्या एका कपड्यांच्या दुकानात बाई नोकरी करत होत्या. मी सगळं सांगितलं. हातातली घडी त्यांनी पूर्ण केली.

"इथे कशाला सांगताय? इथे मला कोणी हसलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटकोपरच्या लॅबमध्ये गेलो आणि मालकांना खरं काय ते सांगितलं. मालक म्हणाले, "सोडा हो, जुनं झालं." मी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं, बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांनी उचलला.

"दोष माझ्या कोडमध्ये होता," मी म्हणालो. "बाईंनी तीनदा सांगितलं. मी बघितलं नाही, उलट तुम्हा सगळ्यांना हसवलं, आणि यांची नोकरी जाताना खोटं बोललो. बाई, मला माफ करा."