दत्तानं न उतरवलेलं शीड

दत्ता गेला हे मला कळलं तेव्हा मी त्याच्यावर रुसलेला होतो. रविवारची संध्याकाळ, खोपोलीत शेजारच्या मुलीचा साखरपुडा, माझ्या हातात अर्धा पेढा, आणि फोनवर दत्ताची मुलगी पुण्याहून सांगत होती, "काका, बाबा गेले." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. पन्नाशी उलटलेला, चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस मी, आणि विचारतोय, कुठे! ती रडायला लागली तेव्हा डोक्यात शिरलं. उरलेल्या पेढ्याचं काय केलं ते मला आजही आठवत नाही. दोन तासांपूर्वी आम्ही दोघं भर समुद्रात होतो...

समुद्र म्हणजे संगणकावरचा. दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त, मूळ कर्जतजवळच्या कळंबचा, घरची भातशेती. पुढे कर्जतला त्याने मंडपाचा धंदा टाकला आणि तालुक्यातल्या निम्म्या लग्नांवर त्याचं कापड चढलं. पावसाळ्यात मात्र लग्नं बंद, कापड गोदामात, आणि दत्ता घरभर येरझाऱ्या घालत वहिनींचं डोकं खाणार. मुलगी नोकरीला गेली तेव्हा तिचा जुना संगणक घरीच राहिला. त्यात जहाजांचा एक खेळ होता. ज्याने त्याने आपलं जहाज घ्यायचं आणि सगळ्यांनी एकाच समुद्रात हिंडायचं, कोणी कर्जतहून, कोणी खोपोलीहून, कोणी देव जाणे कुठून. दत्ताने मला त्यात ओढलं. मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. आमच्या घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं, ते बरोबरच होतं.

पहिल्याच आठवड्यात दत्ताचं बिनसलं. खेळात जहाजं ढीगभर होती, पण शिडं सगळ्यांची सारखीच. लहान जहाजाला लहान, मोठ्याला मोठं, एवढाच काय तो फरक. "ही शिडं हायत का इस्त्रीच्या चादरी रं?" तो चिडून म्हणाला. "वारा आला की कापडाला पोट सुटतं. दोरीपाशी सुरकुती पडते. ह्यांनी जन्मात कवा कापड बांधलं नाय!" दत्ता आयुष्यात एकदाच बोटीत बसला होता, अलिबागला जाताना, आणि तेव्हाही ओकून बेजार झाला होता. पण वारा कापडाला आधी कुठे धरतो, दोर कुठे सैल सोडला म्हणजे मंडप वाचतो, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. त्याने माझ्याकडून खेळ बनवणाऱ्यांना इंग्रजीत लांबलचक पत्र लिहून घेतलं. भिजलेलं कापड जड होतं आणि लोंबतं, हे वाक्य त्याने मला तीनदा खोडून लिहायला लावलं. उत्तर आलं, आभारी आहोत. आम्ही खूप हसलो.

आणि मागच्या वर्षी खेळाची नवी आवृत्ती आली! कोणाच्या सांगण्यावरून ते मला ठाऊक नाही, दत्ताच्या मते अर्थातच त्याच्या. चौकोनी शिडांची तीन डोलकाठ्यांची जहाजं, तिरक्या शिडाची अगदी आपल्या गलबतासारखी छोटी जहाजं, प्रत्येकाची चाल निराळी. शीड वाऱ्याने फुगायचं, पावसाने लोंबायचं, वेळेवर आवरलं नाही तर फडफडून फाटायचं. मी ऐटीत सगळ्यात मोठं जहाज घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या चिंध्या केल्या. दत्ताने तिरक्या शिडाचं छोटं गलबत घेतलं. त्याचं कापड एकदाही फाटलं नाही. "वाऱ्याला वाट द्यायची. त्येच्याशी मारामारी नाय करायची," असं तो मला शिकवायचा आणि मी शिकायचो नाही.

आता आमच्या रुसण्याविषयी सांगायला हवं. दत्ताला राग आला की तो भर समुद्रात शीड उतरवून थांबायचा. खेळात एकमेकांशी बोलायला कानाला हेडफोन लावून एक बटण दाबून धरावं लागायचं, त्याला तो हातच लावायचा नाही. मी माझं जहाज त्याच्याभोवती फिरवत राहायचो. फोन करायचा नाही, जो करील तो हरला, असा आमचा नियम. एकदा हा प्रकार दीड तास चालला होता. म्हातारे होत आलेले दोन बाप्ये!

त्या रविवारी मीच चिडवलं. म्हटलं, तुझं गलबत म्हणजे वरातीत उडालेली कनात. उत्तर आलं नाही. मला वाटलं, बसला रुसून. पण त्याचं शीड वरच होतं. वारा वाढला, गलबत भलतीकडेच वळलं, शीड फडफडायला लागलं आणि माझ्या डोळ्यांदेखत उभं फाटलं. दत्ताचं शीड! मी काय म्हणालो असेन? "बरं झालं." पावणेचार वाजले होते, साखरपुड्याला जायचं होतं. मी खेळ बंद केला. फोन केला नाही.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, कोणाला काही करता आलं नसतं. ते मी ऐकलं. पण दत्ता रुसला की आधी शीड उतरवतो, फुकट फडफडणारं कापड त्याला बघवत नाही, हे जगात मला एकट्याला माहीत होतं. ते डोळ्यांसमोर फाटत होतं आणि मी घड्याळ बघत होतो. याला काय म्हणू?

तीन आठवड्यांनी कर्जतला जाऊन मी हे सगळं वहिनींना सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आम्ही त्याच्या खोलीत बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते कापड फाटलं तवा किती वाजलं होतं?"

"पावणेचार. मी लगेच निघालो, म्हणून पक्कं आठवतंय."

"नक्की? चार नाय ना वाजलं?"

"नाही वहिनी. चारच्या आतच."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, घात केला मी. पण त्या बोलायला लागल्या, "सकाळी आमचं वाजलं होतं. गोदामाच्या चावीवरनं. चारला मी चहा आणला, ह्यांच्या हाताशी ठेवला. पाठमोरे होते, कानाला ते लावलेलं. बोलले नाय, मीबी बोलले नाय. साडेचारला आले तर चहा तसाच, साय धरलेला. तवा खांद्याला हात लावला... तीन आठवडं मला वाटतंय, माझ्यावरच्या रागानं शिवले नाय त्या चहाला. रागातच गेले."

खिडकीबाहेर कोणीतरी टेंपो मागे घेत होतं.

"म्हंजे मी आले तवा ते नव्हतेच," वहिनी म्हणाल्या. "चहा आणलेला त्यांना ठावकच नाय."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले, आणि उठून दत्ताच्या खुर्चीच्या पाठीवर अजून तसाच टाकलेला त्याचा शर्ट पहिल्यांदाच उचलून त्याची घडी घातली.