स्टॅम्प माझा, कागद माझा

आम्ही गाव सोडले त्या दिवशी कोणी रडले नाही. धानाची कापणी चालू होती, रडायला वेळ कोणाला होता? भंडाऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून बैलगाडीने स्टेशनावर आलो आणि पॅसेंजरने दुर्गला उतरलो. बाप स्टेशनापर्यंत आला होता. म्हणाला, "लोखंडाच्या गावाले चालली, दात सांभाळजो." एवढाच आशीर्वाद.

भिलाईत तेव्हा सेक्टर म्हणजे खुंट्या आणि चुन्याच्या रेघा. आमच्या यांना कारखाना बांधायच्या कामावर हजेरीचे टोकन मिळाले, क्वार्टर नाही. म्हणून जवळच्या खेड्यात दाऊची खोली भाड्याने घेतली. दाऊ म्हणजे तिकडचा मोठा शेतवाला. पाच खोल्या, मातीच्या भिंती, वर कवेलू. सारवण मी केले, चूल मी मांडली, भाडे त्याने घेतले. बाकीच्या चार खोल्यांतही आमच्याच बाजूची माणसे होती.

एक दिवस पोलीस ठाण्यातून हुकूम आला. बाहेरची माणसे फार झाली, तर प्रत्येक घरमालकाने भाडेकरूचा कागद करून त्याची नोंद करावी. हुकूम दाऊला होता, त्याने तो आमच्याकडे सरकवला. "कागज के खरचा तुमन ला देय बर परही. नइ देहू त खोली खाली करव." म्हणजे स्टॅम्प, लिहिणावळ, नोंदणी सगळे आम्ही द्यायचे, नाहीतर आठ दिवसांत बाहेर. मला सातवा महिना होता. बाहेर म्हणजे ताडपत्रीची झोपडी. तिथे बाळंत व्हायची माझी तयारी नव्हती.

शेजारची गिरजाबाई म्हणाली, "देवाले नारळ, दाऊले खर्च. देऊन टाक ना माय, कावून डोकं खपवून राहिली?"

मला बाप आठवला. आमच्याकडे बटईने शेत करायचे तर कागद होतो, आणि स्टॅम्प जो विकत घेतो, कागद त्याच्या घरी राहतो, अशी रीत. बापाने एकदा चार आणे वाचवायला मालगुजाराला स्टॅम्प घेऊ दिला. पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला गेले आणि बापाजवळ दाखवायला काही नव्हते. मग जन्मभर म्हणे, "पैसा वाचवला अन् तोंड विकलं."

मी दाऊला मोडक्या हिंदीत सांगितले, "खर्चा हम देगा. पर स्टॅम्प हम खरीदेगा, और कागज हमारे पास रहेगा."

दाऊ हसला. "देखव, बाई मन कछेरी जाहीं!" म्हणजे, बघा, आता बाया कचेरीत जाणार!

गेलो. पुरुष पाळीवर, म्हणून पाचही बाया गेलो. अर्जनवीसाने विचारले, "आदमी कहाँ है?"

"आदमी काम पे है. मेरे नाम से लिख."

मी चौथी पास, सही केली. बाकीच्यांनी अंगठे दिले. प्रत्येक कागदात दोन वर्षांची मुदत मी घालून घेतली. दाऊला वाचता येत नव्हते आणि ऐकायचा कंटाळा, तो बाहेर पान खात उभा होता. आत येऊन पाचही कागदांवर अंगठा लावून गेला. नोंद झाली, आणि कागद लुगड्यात बांधून आम्ही परतलो.

सहा महिन्यांनी एक ठेकेदार जास्त भाडे द्यायला तयार झाला. दाऊ म्हणाला, निघा. तेव्हा पोटात होती त्या थोरलीला कडेवर घेऊन मी कागद मोठ्याने वाचला. अडखळत वाचला, पण मुदतीपर्यंत वाचला.

दाऊने डोक्याला हात लावला. "मोर मति मारे गे रिहिस. खरचा महीं दे देतेंव त बने होतिस." म्हणजे, अक्कल गेली होती माझी, खर्च मीच दिला असता तर बरे झाले असते. गिरजाबाई हसून हसून खाली बसली. एकही खोली रिकामी झाली नाही.

पुढे सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळाले. नळ, वीज, पक्की फरशी. पण ते यांच्या नोकरीचे होते, निवृत्त झाले तशी किल्ली परत दिली. आता स्वतःचे घर आहे आणि मागची खोली मी भाड्याने देते. मुलगा म्हणतो, "आई, नोंदणीचा खर्चा सब लोग किरायेदार से ही लेते हैं." मी घेत नाही. स्टॅम्प मी आणते, भाडेकरूला नक्कल देते. त्याला वाटते म्हातारी दयाळू आहे. दया कसली? कागद माझ्याकडे राहतो.

गावाहून भावजय अजून विचारते, "परक्या मुलखात किती दिवस राहतेस? घरी ये ना." तिला सांगा, मी घरीच आहे.